भाऊजींचा अंतराळातला तपास

आजवर कागदावर जेवढे खून झाले, त्यांतला एकही खुनी आमच्या भाऊजींच्या हातून सुटलेला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. सौंसरला त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे, पण तिथे ते पाणी द्यायला जातात की प्रेत शोधायला, हे झाडांनाही ठाऊक नसावं. नवी रहस्यकथा हातात आली की पहिलं काम म्हणजे ब्लेडनं शेवटचं प्रकरण कापून ताईच्या स्वाधीन करायचं. ताई ते तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवते. मग बस अड्ड्यावरच्या चहाच्या हाटेलात भाऊजी भर गर्दीत खुन्याचं नाव जाहीर करतात, तेव्हा कुठे ती पानं डब्यातून निघतात. कोणीतरी ती मोठ्यानं वाचतं आणि भाऊजी बशीत चहा ओतत म्हणतात, "सांगतलं होतं ना म्या." एवढं ऐकायला लोधीखेड्याची माणसं हातची बस सोडतात. एका लग्नात तर अक्षता मुठीत धरून ते माझ्या कानाशी म्हणाले, "साळेबुवा, डॉक्टरनंच मारलं." पलीकडे उभे असलेले गावातले डॉक्टर त्या दिवशी जेवायला थांबले नाहीत.

यंदा मी पांढुर्ण्याहून त्यांच्यासाठी एक कादंबरी नेली. मुखपृष्ठावर काळोख होता आणि 'थरारक' असं छापलं होतं, मला वाटलं खूनच असणार. ती निघाली अंतराळातली. घरापासून फार दूर गेलेलं एक यान, बाकीचे सगळे पेट्यांमध्ये झोपलेले, जागी एकटी एक बाई. ती घरी प्रश्न पाठवते. उत्तर यायला वर्षं लागायला हवीत, पण ते लगेच येतं. कधी आईच्या आवाजात, कधी नवऱ्याच्या. मग तिकडून बोलतं तरी कोण?

भाऊजींना ते नाव सापडेना. त्यांनी हाटेलात जाणं सोडलं. लोक कुंपणावरून विचारू लागले, "काय भाऊ, खुनी चंद्रावर पळाला काय?" ताईचा फोन आला, "काय आणून देल्लं रे तू यायले? जेवतानी पंख्याकडं पाहून राहिले." दुसऱ्याच्या हातून कप फुटला तरी ज्याला अपराधी वाटतं असा मी माणूस. पुढच्याच रविवारी पिशवीत दोन सरळ, प्रामाणिक खून घेऊन सौंसरची बस धरली.

भाऊजींचा चेहरा पार उतरला होता. "प्रेत नाही, सुरा नाही, पायाचे ठसे नाही. संशय घ्यावा कोणावर? हारलो मी, साळेबुवा."

"मग डबा उघडू या ना."

"नाव न सांगता डबा उघडला, तर मी वाचक कायचा?" असं म्हणून ते पुन्हा पुस्तकात शिरले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "चहा मांडू काय?" भाऊजींनी पान उलटलं. मग ताईच आवाज जाड करून म्हणाली, "मांड. साखर कमी टाक." पुन्हा आपल्या आवाजात, "पापड भाजू?" पुन्हा जाड आवाजात, "भाज दोन."

भाऊजींनी पुस्तक मिटलं. "ही नेहमीच अशी बोलते?"

"तुम्ही वाचत असलात की बोलते. आम्हा सगळ्यांना माहीत आहे."

"मले नव्हतं माहीत," असं म्हणून त्यांनी पायांत चपला सरकवल्या.

हाटेलात पाऊल ठेवताच त्यांनी जाहीर केलं, "तिकडून कोणीच बोलून नाही राहिलं. ती बाईच आपल्या प्रश्नाचं उत्तर देऊन राहिली. सारे आवाज तिचेच." मी निघताना ताईकडून घेतलेली, डाळीचा वास येणारी पानं काढून शेवटचं प्रकरण वाचलं. त्यात बाई आणखी एक प्रश्न विचारते आणि कादंबरी संपते. उत्तरच नाही.

"मंग खरं काय समजायचं?" तंबाखू मळता मळता एकानं विचारलं. मी भाऊजींकडे पाहिलं.

त्यांनी सावकाश बशीत चहा ओतला. "लेखकालेच नाही सापडलं," ते म्हणाले. "मले सापडलं."

असा टाळ्यांचा गजर त्या हाटेलात कोणा आमदारालाही मिळाला नसेल. बोरगावचे दोघं त्यांना घरापर्यंत पोचवायला आले.

हल्ली ताईनं काही विचारलं की भाऊजी पुस्तकात बोट घालून लगेच "हो" म्हणतात. ताईची सवय मात्र सुटलेली नाही, तीही जाड आवाजात "हो" म्हणून बसते. दोन्ही "हो" एकदमच येतात, आणि मग ताई आणखी एक प्रश्न विचारते.