श्वास सोडल्यावरचा फोटो

इस्पितळात तिला सगळे एक्सरेबाई म्हणत. डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत कुणावरच तिचं नाव घ्यायची वेळ येत नसे. तळमजल्यावर जिन्यामागे तिची खोली. जाड काचेआड उभी राहून अठ्ठावीस वर्षं ती माणसांना तेच हुकूम देत आली होती. "मोठा श्वास घ्या. रोखा. हलू नका." मग बटण. मग "सोडा." दिवसाला साठ-सत्तर वेळा. ती झोपेतही "हलू नका" म्हणते, असं तिचा नवरा पाहुण्यांना सांगत असे. "आणि मी हलत नाही," असं पुढे जोडून स्वतःच हसत असे.

हा नवरा पोस्टातून निवृत्त झालेला. एका रविवारी संध्याकाळी बहिणीशी फोनवर बोलता बोलता त्याने स्वयंपाकघरात डोकं घातलं.

"अगं, तुझा तो कॅमेरा पडूनच आहे ना? ताईची लेक फोटोग्राफी शिकतेय. तिला जुना, रोलचाच हवाय म्हणे. मी सांगितलं, घेऊन जा."

"सांगितलंत ना? मग मला कशाला विचारताय?"

"पंधरा दिवसांनी येईल ती. रविवारी."

"येऊ दे," ती म्हणाली आणि गॅस बारीक केला.

तिला राग वगैरे आला नव्हता. खरं तर कॅमेऱ्याची तिला आठवणच राहिली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी पगारातून वाचवून घेतलेला तो कॅमेरा. तेव्हा सुट्टीच्या दिवशी तो गळ्यात अडकवल्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे. फोटो काढणं तिने ठरवून कधी सोडलं नाही. मुलगा लहान होता, ड्यूटी बदलत होत्या, आणि एकदा पुढचा रोल आणायचा राहिला. तो एकोणीस वर्षं राहिला. आता मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला होता, आणि वाढदिवसाचे फोटो फोनवर यायचे आणि फोनवरच राहायचे.

रात्रीची भांडी आवरल्यावर ती स्टुलावर चढली. कपाटाच्या वरच्या खणात, कुकरच्या खोक्यात, मुलाच्या आखूड झालेल्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला तो सापडला. तिने अंगठ्याने रोल पुढे सरकवायचा खटका ओढला. खर्रक्. बटण दाबलं. टक्. तिने पुन्हा ओढला. स्टुलावर उभ्या उभ्याच तिने सात-आठ वेळा खर्रक्-टक् केलं.

"काय मोडतेस तिथे?" नवरा आतून ओरडला.

"तपासतेय."

तपासणं भागच होतं. आपल्या खोलीतलं साधं स्टूलसुद्धा ती डगमगतं का हे बघितल्याशिवाय दुसऱ्या वॉर्डाला देत नसे. नणंदेच्या लेकीला बंद पडलेली वस्तू दिली असं व्हायला नको. एक रोल काढून बघू, मग देऊन टाकू.

इस्पितळासमोर पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ होता. स्टुडिओवाल्याने आधी कॅमेऱ्याकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"रोल? बाई, तुमच्या मशीनमध्ये आता रोल घालायला लागले की काय?"

"आहे का ते सांगा. कॅमेरा भाचीला द्यायचाय, आधी तपासायचाय."

"आहेत दोन. हल्ली तरुण पोरं मागतात. तुमच्या वयाचं गिऱ्हाईक पहिलंच."

छत्तीस फोटोंचा रोल होता. पहिला फोटो तिने मावशींचा काढला, बादलीसकट, जिन्याच्या पायरीवर.

"मावशी, हनुवटी वर. खांदे पुढे. मोठा श्वास घ्या."

"बाई, माझी छाती बरी आहे हो."

"रोखा. हलू नका." टक्. "सोडा. आता बाजूने."

"बाजूने कशाला?"

ते तिलाही सांगता येईना. छातीचा, गुडघ्याचा, मनगटाचा, कुठलाही एक्सरे असो, ती बहुधा दोन काढत असे. एक समोरून आणि एक बाजूने. हाताला तेच वळण लागलेलं. चहावाला समोरून, चहावाला बाजूने. शेजारीण समोरून, शेजारीण बाजूने. नवऱ्याला तर हुकूम द्यायचीही गरज नव्हती. कॅमेरा दिसला की तो पोट आत घेऊन श्वास धरायचा. तीस वर्षांतल्या एकूण एक फोटोत तो असा पाण्यात बुडी मारायच्या तयारीत उभा होता.

पण तिचे हात शिवशिवायला लागले होते. सकाळी कामावर जाताना तिला काहीबाही दिसू लागलं. धुऊन उभे केलेले मॉप. खिडकीत उपडे घातलेले ग्लास, आणि प्रत्येकावरच्या थेंबात उलटी उभी असलेली समोरची इमारत. गुरुवारी भिंतीवर पडलेली सायकलच्या चाकाची सावली पाहून ती थांबली. सूर्य थोडा वर येईपर्यंत हलली नाही, आणि नोकरीत प्रथमच सात मिनिटं उशिरा पोचली. हजेरी घेणाऱ्या कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बरं आहे ना बाई?"

"एकदम," ती म्हणाली आणि जिना जवळजवळ धावत उतरली.

शनिवारी दुपारी नवरा जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसला होता. खिडकीतून ऊन थेट ताटात पडलं होतं. तिने कॅमेरा लावला.

"मोठा श्वास घ्या. रोखा. हलू नका." तिने बटण दाबलं. काहीच झालं नाही. खटका ओढायलाच ती विसरली होती. पण जिभेवर शब्द तयारच होता. "सोडा."

त्याने सोडला. पोट टेबलाच्या कडेपर्यंत आलं, खांदे उतरले, शेंगेतून एक दाणा उडून त्याच्या चष्म्यावर आपटला आणि तो फिसकन हसला. तेवढ्यात तिने खटका ओढला होता आणि बोट आपसूक खाली गेलं होतं. टक्.

बुधवारी फोटो आले. स्टुडिओवाल्याने ते काउंटरवर ओळीने मांडले आणि डोकं खाजवलं.

"रागावू नका बाई, पण सगळे पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतायत. समोरून एकदा, बाजूने एकदा."

तिला हसू आवरेना. खरंच, मावशी बादलीसकट गुन्हेगार दिसत होत्या. चहावाल्याचे गाल फुगलेले. शेजारीण तर आता गुदमरणार अशी.

"हा मात्र," असं म्हणून त्याने एक फोटो वेगळा काढला. "हा कुणी काढला?"

मटारचं ताट, उन्हाची पट्टी, चष्म्यावरून उसळून हवेतच असलेला दाणा, आणि त्यामागे तिचा नवरा. पोट सुटलेला, तोंड उघडं, दोन दाढा नसलेला. रोज रात्री दिवा कुणी मालवायचा यावर तिच्याशी वाद घालणारा. घरातला माणूस. आजवर एकाही फोटोत तो आलेला नव्हता.

"मीच," ती म्हणाली. "चुकून."

पण ती चूक कशी झाली हे काउंटरशी उभ्या उभ्याच तिच्या लक्षात आलं. ती श्वास रोखल्यावर बटण दाबत होती. हाडं बघायची असतील तर तेच बरोबर. माणूस मात्र "सोडा" म्हटल्यावर येत होता. आल्याबरोबर लगेच जातही होता. अठ्ठावीस वर्षं ती हे काचेतून बघत आली होती. "सोडा" म्हटलं की लोक हसायचे, खांदे पाडायचे, 'झालं?' म्हणायचे, आणि तोवर ती पुढचा कागद हातात घेऊन वळलेली असायची.

"तो दुसरा रोल द्या," ती म्हणाली.

"कॅमेरा देऊन टाकणार होतात ना?"

"द्या हो तुम्ही."

घरी नवऱ्याने फोटो हातभर लांब धरून पाहिला.

"हा फाड."

"का?"

"पोट बघ. नातेवाईक काय म्हणतील?"

"त्यांनी पाहिलेलं नाहीये का ते?"

"फोटोत नाही पाहिलेलं," तो म्हणाला. तिने फोटो फ्रिजच्या दारावर लावला. त्याने काढला, तिने पुन्हा लावला. रात्री पाणी घ्यायला उठल्यावर मात्र त्याने फोटोचा वाकडा कोपरा सरळ केला.

गुरुवारपासून ती नुसती सुटली. मावशींना पुन्हा पायरीवर बसवलं. श्वास घ्यायला लावला, रोखायला लावला आणि बटण दाबलंच नाही. "सोडा" म्हणाली, मावशी "हुश्श, सुटले बाई" म्हणत मागे रेलल्या. टक्. बाजूने नाहीच. चहावाला, शेजारीण, हजेरीचा कारकून. प्रत्येक वेळी तोच प्रश्न. मिळाला की हुकला? कळायला मार्ग नव्हता, आणि तीच तर मजा होती. शनिवारी रात्री कॅमेऱ्यावरचा आकडा बावीसवर होता. चौदा उरले होते. तिने कॅमेरा स्वेटरमध्ये गुंडाळला. पाच मिनिटांनी बाहेर काढला.

रविवारी भाची आली. पाठीवर नवी कोरी पिशवी, आत कॅमेऱ्यासाठी मऊ कप्पा.

"आण गं तो कॅमेरा," नवरा म्हणाला.

ती आतून आली तेव्हा तो तिच्या गळ्यात होता.

"मी नाही देणार," ती म्हणाली. काचेआडून बोलायची त्याच आवाजात.

नवऱ्याचा कप ओठांशी थांबला. "अगं, मी शब्द दिलाय ताईला."

"शब्द तुमचा आहे ना? मग तुमचं काहीतरी द्या. रेडिओ द्या."

"रेडिओचं काय करील ती?"

भाचीचा चेहरा पडला होता. "मामी, मी वर्गात सगळ्यांना सांगून बसलेय हो."

एक्सरेबाईला वाईट वाटलं. पण दोन्ही हात कॅमेऱ्यावरून निघाले नाहीत.

"मला न विचारता दिला होता, आणि मीही गप्प बसले. ती माझी चूक," ती म्हणाली. "तू दर रविवारी ये. एक रोल तुझा, एक माझा. तुला शिकवलेलं मला सांग, मला येतंय ते मी तुला सांगते. पण संध्याकाळी कॅमेरा या घरात."

भाची फ्रिजपाशी गेली होती. फोटोकडे बघत ती थांबली, मग मामाकडे वळून पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे.

"हा तुम्ही काढलात?"

"खिडकीत उभी राहा, सांगते. मोठा श्वास घे."

भाचीने घेतला. मागे खुर्चीत नवऱ्यानेही सवयीने पोट आत ओढलं.

"रोख. हलू नकोस."

खोलीत कुणीच हललं नाही. एक्सरेबाईचं बोट बटणावर नुसतं टेकलेलं होतं.

"सोड."

भाचीचे खांदे खाली आले, रुसलेल्या तोंडातून हसू निसटलं, आणि मागे टेबलाच्या कडेपर्यंत मामांचं पोट आलं. टक्.

खर्रक्. तिने आकडा पाहिला. तेवीस. अजून तेरा होते.