बारावा प्रश्न

समाजकार्याच्या शिक्षणातलं एक वर्ष मी परिवीक्षा अधिकारी असलेल्या एका बाईंच्या हाताखाली काढलं. दोषी ठरलेल्याला तुरुंगात पाठवायचं की चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडायचं, हे ठरवण्याआधी कोर्ट त्यांचा अहवाल मागवायचं. बाई निवृत्तीला आल्या होत्या. जेवताना आपली अर्धी दुधीची भाजी न विचारता माझ्या डब्याच्या झाकणात वाढायच्या आणि मी गप्प असायचे म्हणून दोघींच्या वाटचं त्याच बोलायच्या. पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या घरात दुधी शिजला की आजही मला ते ऑफिस आठवतं, आणि फॉर्म नीट भरला की काम झालं असं वाटणारी तेव्हाची मीही.

उत्तनजवळच्या तारोडी गावातल्या एका खलाशाने बायकोला मारलं होतं. गुन्हा सिद्ध झाला होता, पण तो जामिनावर, तिच्याच घरात राहत होता. बायकोच्या जिवाला किती धोका आहे हे पाहण्यासाठी बाईंचे बारा प्रश्न ठरलेले होते. तो बोटीवर गेलेला असताना त्यांनी मला एकटीला पाठवलं.

सासू माझ्या शेजारीच बसली. ‘‘तुजा लगीन झाला न्हाय ना? मंग तुला काय कलनार?’’

बायको प्रत्येक प्रश्नाला ‘न्हाय’ म्हणत गेली. बारावा प्रश्न होता, त्याने कधी गळा दाबला का? तो माझ्या तोंडातून निघेना. मीच ‘नाही’वर खूण केली. परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली, उत्तनचा वारा लागला, आणि खरं सांगते, मला फार सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. ‘‘बाकी सगळ्यांपुढे तिचे शब्द लिहिलेस. इथे नुसती खूण?’’

मी फॉर्म माझ्याकडे ओढायला गेले, पण बाईंनी बोट उचललं नाही.

‘‘सासू समोर होती?’’

‘‘हो.’’

‘‘मग आधीचे अकराही फुकट गेले. हा का नाही विचारलास?’’

‘‘लाज वाटली.’’

‘‘तुला लाज वाटली, आणि हा कागद वाचून जज्जसाहेब त्याला तिच्याच घरात ठेवणार. गळ्याला एकदा हात घातलेला माणूस पुढे काय करेल, सांगता येत नाही गं. चल, पर्स घे.’’

नवरा अजून बोटीवरच होता. तारोडीत बाईंनी फाइल उघडलीच नाही. ‘‘आजी, चहा टाका, आम्ही सुनेला हातभार लावून येतो,’’ म्हणत दारातली बोंबलांची टोपली उचलली. किनाऱ्यालगत आम्ही तिघी बोंबील वाळत घालायला लागलो. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी बांबूवर टाकायची. हात कामात, नजर मासळीवर. बऱ्याच वेळाने बाई मला म्हणाल्या, ‘‘विचार आता.’’

मी बोंबलाकडे बघत विचारलं.

तिचे हात चालूच होते. ‘‘दोनदा. दुसऱ्या येलेला डोल्यासमोर कालोख झाला.’’ मग बाईंना म्हणाली, ‘‘तो आत गेला तर माज्या नावानं बोंब मारतील सगली.’’

‘‘आत घालायचं की नाही ते कोर्ट बघेल. सोडलंच तर तो तुझ्या घरात नको, एवढं मी लिहू शकते. लिहू?’’

तिने आणखी तीन जोड्या टाकल्या. ‘‘लिवा.’’

त्या संध्याकाळी अहवालाचा कच्चा मसुदा बाईंनी मला लिहायला लावला. त्याने दुसऱ्या गावात भावाकडे राहावं, दर सोमवारी बाईंच्या ऑफिसात हजेरी द्यावी, तिच्या घराकडे फिरकू नये. कोर्टाने अटी मान्य करून त्याला बाँडवर सोडलं. सोमवारी तो सही करून जाईपर्यंत मी टेबलावरचे कागद उगाच सारखे करत बसायचे, आणि बाई त्याला बोट कुठवर गेली होती, असं सहज विचारत त्याच्याकडून मागच्या आठवड्याचा हिशेब काढून घ्यायच्या. ते ऐकत बसायला मला आजही आवडलं असतं.

वर्षभराने बेव्हर्ली पार्कजवळच्या बाजारात त्याची बायको मासळी विकताना दिसली. तिने ओळख दाखवली नाही, मीही नाही. बसायच्या जागेवरून ती शेजारणीशी भांडत होती, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. भांडण संपेपर्यंत मी तिथेच उभी राहून ऐकत होते.