आईच्या नावावर माझा आवाज

माझी आई धवलारीण. आमच्या आगऱ्यांत लग्न लावायचं ते धवलारणीनं, धवले गाऊन. मांडव, तेलवण, हळद, प्रत्येकाचं गाणं वेगळं. गाणं सुरू झाल्याशिवाय हळदीला कुणी बोट लावत नसे. आजीही धवलारीण होती. बाप मिठागरातून आला की भजनात मृदंग बडवायचा. असल्या घरात जन्मून मी गाणार नाही तर काय माशा मारणार?

पण आईला ते खपायचं नाही. "तुजा गला नाय गो, रेडा हाय," असं चार बायकांत बोलायची. माझा आवाज जाडा, खालच्या अंगाचा. इंग्रज गेला त्या वर्षी तिनं मला मागे बसवलं ते बसवलंच. ती ओळ टाकणार, मी झेलणार. पुढची ओळ कधी माझी नाही. लग्नही गावातच लावून दिलं माझं, हाताखाली राहावं म्हणून. भयंकर राग यायचा मला तिचा. अजून येतो.

मग तिचा गळाच गेला. बोलताना घोगरं निघायचं, पण गायला गेली की आवाजाच्या जागी नुसती हवा. गप बसेल तर ना! मला म्हणाली, "माज्या पाठीला चिकटून बस. मी त्वांड हलवीन, तू गा." पदर पुढे ओढून ओठ हलवायची. लोक म्हणायचे, वयानं म्हातारीचा आवाज काय भरलाय! लुगडं तिला, मान तिला. मी मूग गिळून मागे.

रेवसकडच्या एका गावात हळद होती. वाटेत मला दम दिला, "हळू गा. लय चढतंस तू." तळपायाची आग मस्तकात गेली. मांडवात नवरी पाटावर बसली, करवल्या हळद घेऊन उभ्या राहिल्या. आईनं तोंड उघडलं. मी उघडलं नाही.

मांडव चिडीचूप. करवल्यांचे हात तसेच वर. आईचे ओठ हलताहेत, आवाज नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा ही बया मागे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं घोगरं ओरडली, "हिच्या चुळबुळीनं माजा सूर मोडला. मेलीला उगाच आणली!"

अगो, मग मी उठलेच. तिच्या पुढे जाऊन बसले आणि हळदीचा अख्खा धवला एकटीनं गायले, पार बांधापर्यंत ऐकू जाईल असा. नवरीला हळद लागली. आई मांडवातून कधी निघून गेली, मी बघितलंही नाही.

थोड्या दिवसांनी दुसऱ्या गावची माणसं लग्नाची सुपारी घेऊन आईच्या दारात आली. मी तिच्या परसात मासळी साफ करीत होते.

"जाड्या आवाजाची ती तुजी लेक पायजे," ते म्हणाले.

आई उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "ती मेली."

मी हात धुतले. घरातून पुढच्या दाराशी आले. ती उंबऱ्यातून हलेना, तेव्हा तिला ओलांडून बाहेर गेले आणि सुपारी घेतली.