सलोतऱ्याच्या शेळीची सूज

निजामाच्या राज्यात ढोरांच्या डॉक्टरला सलोतरी म्हणत. आमच्या चारठाणा गावात माझे थोरले दीर सलोतरी होते, आणि घरात त्यांच्यापुढं ब्र काढायची कोणाची छाती नव्हती. जाऊबाईंना हत्तीरोग होता. डावा पाय केळीच्या बुंध्यासारखा झालेला. न्हाणीपर्यंत जायचं म्हटलं तरी त्यांना रडू यायचं. दिरांनी त्यांच्यासाठी लेप तयार केला. पण कुठलीही दवा आधी जनावरावर पाहायची, हा त्यांचा कायदा. म्हणून त्यांनी आमच्या धडधाकट शेळीचा पाय पट्टीनं करकचून आवळून सुजवला.

शेळी अशी बोंबलली की सारी गल्ली गोळा झाली. मला तर दिरांचाच पाय आवळावासा वाटला. पण पदर पुढं ओढून शेळीची शिंगं धरण्यापलीकडं मी काय करणार?

रोज सकाळी पाय सुजवून, वर लेप थापून ते दौऱ्यावर जात. संध्याकाळी येऊन पाहावं तर सूज गायब! "लय जालीम दवा हाय," असं ते गावभर मिशीला पीळ देत सांगत सुटले. मग तोच लेप जाऊबाईंना लावला. पायाला नुसता वास आला.

एकदा दीर दुपारीच परतले. ओसरीवर जाऊबाई शेळीचा पाय मांडीवर घेऊन खुरापासून वर हळूहळू चोळत बसलेल्या.

"ह्ये काय करायलीस?"

"मुकं जनावर हाय वो. तुमी गेलात की रोज चोळते. दुखतंय तिला."

दिरांचं तोंड पाहून मी पदरात तोंड खुपसून हसले. ते जाऊबाईंच्या पायाकडं पाहत म्हणाले, "मंग तुझा पाय कोण चोळतंय?"

"माझा? मला वाकता कुटं येतंय?"

नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा म्हणजे आमच्याकडं आक्रीतच. दिरांनी खाली बसून जाऊबाईंचा पाय मांडीवर घेतला.

"अवो, पाप लागंल मला!"

"गप बस. सलोतरी हाय मी."

मला त्या माणसाचा इतका राग यायचा, पण त्या दिवशी माझेही डोळे भरले.

मग ते रोजचंच झालं. दाराशी कोणी खाकरलं की दीर जाऊबाईंचा पाय सोडून चटकन शेळीचा पकडत. शेळी आपणहून शेजारी येऊन आडवी होई. सलोतऱ्याचीच शेळी कायम आजारी कशी, म्हणून गाव हसायचं.

पाय पुरता काही उतरला नाही. पण एकदा दार वाजलं, दिरांनी सवयीनं शेळी ओढली, आणि जाऊबाई उठून स्वतःच दार उघडायला गेल्या.