घरचे बोंबील, विकायचे बोंबील

मला कुणाच्या घरी स्वस्थ बसता येत नाही. चहा येईपर्यंत मी त्यांच्या बाथरूममध्ये जाऊन फिनेलच्या, झुरळांच्या औषधाच्या बाटल्या उलटवून मागचा मजकूर वाचून येते. नवरा म्हणतो, तुला कुठे न्यायचं म्हणजे पाहुणी नाही, धाड नेल्यासारखं वाटतं. त्याचं काही चुकत नाही. ही सवय नोकरीनं लावली, आणि ती ऑफिसातच राहिली असती तर बरं झालं असतं.

अंधेरीला आमचं छोटंसं ऑफिस आहे. परदेशातून येणाऱ्या मालाला सरकारी परवानग्या मिळवून देणं हे आमचं काम. माझ्या टेबलावर कीटकनाशकं येतात, म्हणजे त्यांची लेबलं येतात. औषध किती जहाल आहे त्याप्रमाणे लेबलावर लाल, पिवळी, निळी किंवा हिरवी खूण लागते. कशावर मारायचं, कशावर मारायचं नाही, पोटात गेलं तर काय करायचं, हे मराठीतूनही छापावं लागतं. ते मराठी मी लिहिते. समोरच्या टेबलावर परदेशी मासिकं आणि मुलांची नकाशांची पुस्तकं येतात. देशाची सीमा सरकारला हवी तशी काढली आहे की नाही हे तिथला सहकारी तपासतो. नसली की माल अडकतो, आणि मग प्रत्येक प्रतीवर शिक्का मारा, नाहीतर पट्टी चिकटवा. सरकार एकच, पण एका टेबलावर लोकांनी वाचावं म्हणून धडपड आणि दुसऱ्या टेबलावर बघू नये म्हणून. होतं मात्र उलटंच. त्यानं झाकलेलं पान लोक उजेडासमोर धरून बघतात आणि माझं लेबल कुणी ढुंकून बघत नाही. मला याचा फार राग येतो. जेवणाच्या सुट्टीत मी तो बोलून दाखवते आणि सहकारी आपला डबा उचलून गॅलरीत जाऊन बसतो.

माझं माहेर खाडीपलीकडच्या कोळीवाड्यात. मी लहान असतानाच आई गेली. मावशीनं स्वतःच्या दोन मुलांबरोबर मला वाढवलं, मारलं, शिकवलं. पुढे मी जातीबाहेर, मालवणी घरात लग्न केलं. सासरे एकेकाळी गिरणीत होते, आता आम्ही सगळे चारकोपला राहतो. लग्नानंतर मावशी वर्षभर माझ्याशी बोलली नाही. मग एका मे महिन्यात ती दारात उभी राहिली, डोक्यावर सुक्या बोंबलांची पिशवी. पावसात होड्या बंद असतात, म्हणून मे महिन्यात घरात सुकी मासळी भरून ठेवायची, त्याला आम्ही आगोट म्हणतो. लेकीला आगोट माहेरून जाते. माफ केलं वगैरे ती काही म्हणाली नाही. पिशवी ठेवली, पाणी प्यायली, पंख्याचा आवाज येतो म्हणाली आणि गेली. तेव्हापासून दर मे महिन्यात पिशवी येते. माझं माहेर म्हणजे ती पिशवीच. माझी लेक गॅसवर भाजलेल्या बोंबलाबरोबर गरम भात खाते आणि त्या दिवशी तिला दुसरं काही लागत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात मावशीचा गुडघा धरला. कांदिवलीच्या बाजारात तिच्या जागी धाकटी सून सुकी मासळी विकायला बसायला लागली, आणि चारकोपचे तीन जिने चढणं मावशीला शक्य नव्हतं. म्हणून आगोट आणायला मीच गेले. बसनं खाडीपर्यंत, मग बोट, मग पुळणीतून चालत.

दुपार टळटळीत होती. किनाऱ्यावर मासळी वाळवायच्या बांबूंच्या वलांड्या उभ्या होत्या आणि जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं टांगलेले ओले बोंबील वाऱ्यावर हलत होते. मावशी पाटावर बसून, गुडघा लांब करून, हाताच्या पंपानं खालच्या रांगेवर काहीतरी फवारत होती. मला वाटलं मिठाचं पाणी असेल. जवळ गेले तर वासावरून कळलं. पायाशी बाटली होती. ती उलटवायचीही गरज नव्हती, त्या लेबलाचं मराठी माझंच होतं.

"आयलीस काय गो?" मावशी म्हणाली. "ऊन बघ कसा हाय. पानी पी आधी."

"हे काय मारतेस?"

"माश्यांचं औषध."

"मावशी, हे खायच्या वस्तूवर मारायचं नसतं! मागे लिहिलंय तसं."

"कोन वाचतंय?"

"मी लिहिलंय ते!" मी ओरडलेच.

ती हसली. "मग तूच वाच."

मी पाणी प्यायले नाही. तिथेच उन्हात उभी राहून मी तिला ऑफिसातलं सगळं ऐकवलं: हे औषध भिंतींसाठी आहे, फटींसाठी आहे, ते वाळून जात नाही, धुऊन जाईल याचीही खात्री नाही. ऐकता ऐकता तिनं पुढची रांग मारून घेतली.

"माशी बसली की आळी पडते," ती म्हणाली. "आळी पडली की सगला माल कोंबड्यांना. आन् बाजारात टॉवरवाली बाय माशी बघते नि नाक धरून पुढच्या टोपलीशी जाते. सरकारला सांग, तू ये आन् दिवसभर बसून माश्या हाकल. मी चा पाजते त्याला."

माझा चेहरा बघून तिला बहुतेक दया आली. "घरच्यांना नाय मारत गो," ती म्हणाली. "घरचे वर गच्चीवर हायत. जा, बघून ये."

मी धावतच जिना चढले. गच्चीवर वहिनी, म्हणजे मावशीची थोरली सून, जवळा उलटवत होती. दोरीवर बोंबील होते आणि त्यांच्यावर माश्या घोंगावत होत्या. जुन्या जाळ्याचं पांघरूण घालूनही त्या आत शिरत होत्या. आयुष्यात कधी माश्या बघून मला एवढं बरं वाटलं नव्हतं. म्हणजे माझी लेक इतकी वर्षं हेच खात होती तर.

"यातले माझे कुठले?" मी विचारलं.

वहिनी सरळ बाई. "हे आमच्या दोन घरांचे, ताई," ती म्हणाली. "तुमचे आईंनी खाली बांधून ठेवलेत ना. निळ्या पिशवीत."

मी खाली आले. निळी पिशवी ओटीवर होती, तोंडाला सुतळी बांधलेली. आत बोंबील अगदी स्वच्छ, पांढरे, एकसारखे. त्यांच्या आसपास एक माशी फिरकत नव्हती. मी पिशवी उचलून मावशीसमोर आपटली आणि मला जे बोलायचं होतं त्यातलं एकही वाक्य धड निघालं नाही. दोन मुलं घरची आणि मी बाजारातली, एवढंच मी म्हणाले बहुतेक. मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता.

मावशीनं पंप खाली ठेवला. "पैल्या वर्षी तुझ्या नणंदेनं पिशवी खोलली," ती म्हणाली. "आत आळी निघाली. सगली हसली. तू मना फोन करून रडलीस. आठवतंय काय?"

मला आठवलं.

"मंग मी बोलली, माझ्या पोरीच्या पिशवीत परत आळी निघायची नाय. आमी काय, आमी झटकून खातो. तुला निवडून देते. पयला माल, एक डाग नाय. तुझ्या सासरी कोनी नाव ठेवायला नको."

रागवावं की तिच्या गळ्यात पडावं, मला कळेना. दोन्ही एकदम करावंसं वाटलं, म्हणून काहीच केलं नाही. तिनं मला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. इज्जत राखली होती माझी. आणि त्या इज्जतीपायी माझी मुलगी दर वर्षी काय गिळत होती, ते मी पगार घेऊन मराठीत लिहीत होते.

मावशी भिंत धरून उठली. मी नको नको म्हणत असताना त्या गुडघ्यानं जिना चढली आणि स्वतःच्या हातानं दोरीवरचे बोंबील काढून नव्या पिशवीत भरले. मुलांच्या वाट्याचे. पिशवी माझ्या हातात देताना मात्र तिनं ती चटकन सोडली नाही.

"आता घरचे नेतेस," ती म्हणाली. "घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ दे."

मी हो म्हणाले. त्या क्षणी मी कशालाही हो म्हणाले असते.

चारकोपला बोंबील अजून ओलसर म्हणून बाल्कनीत दोरीला लावले. माश्या आल्या. सासूबाई कुरकुरल्या, लेकीनं नाक दाबून फोटो काढला. मी स्वयंपाकघरातून बाल्कनीत आणि बाल्कनीतून स्वयंपाकघरात येरझारा घालत होते. माझं काम झालं होतं, माझी पोर सुटली होती, माहेर शाबूत होतं, तरी मला एका जागी थांबवेना. किनाऱ्यावरच्या वलांड्या डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. ते बोंबील कुणाच्या तरी घरी जाणारच होते.

कुणाच्या, ते दोन दिवसांत कळलं. समोरच्या काकू जिन्यात भेटल्या. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती.

"अगं, तुझ्या मावशीच्या टोपलीतले किती स्वच्छ असतात गं," त्या म्हणाल्या. "पोरीला डोहाळे लागलेत सुक्या बोंबलाचे. जाऊन दोन किलो घेऊन येते."

"आणू नका," मी म्हणाले.

"का गं?"

मी म्हणू शकले असते की महाग आहेत, खारट आहेत, यंदाचा माल बरा नाही. इतकं खोटं बोलणं मला जमायला हवं होतं. पण मी खरं ते सांगून टाकलं, जिन्यात उभी राहून, चढ्या आवाजात, लाल आणि हिरव्या खुणांसकट. काकू चप्पल न काढताच घरात गेल्या. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज होता. बाजारातल्या कोळणींकडून सुकी मासळी घेऊ नका, विष मारतात, आतली बातमी आहे. तो मेसेज आमच्या ग्रुपवर थोडाच राहणार होता? आठवड्याभरात मावशीच्या थोरल्या मुलाचा फोन आला.

"तू बोललीस ना?"

"हो."

"वाट लावलीस आमची," तो म्हणाला. "बाजारातल्या सगळ्या रांगेची." आणि फोन ठेवला.

पावसाळाभर मी मावशीला फोन केले. तिनं एकही उचलला नाही. मी बोलले याचा मला पस्तावा नव्हता, आजही नाही. पण जेवताना बोंबील ताटात आला की मी तो लेकीच्या ताटात सरकवत असे.

नवरात्र संपलं, नवा माल बाजारात आला, तशी मी कांदिवलीच्या बाजारात गेले. मावशीचा गुडघा सुधारला असावा, ती स्वतः बसली होती. लोक मेसेज विसरले होते. शेजारणीच्या टोपलीवर एक माशी नव्हती आणि तिच्यापुढे गिऱ्हाइकांची गर्दी होती. मावशीच्या टोपलीवर माश्याच माश्या होत्या. ती पुठ्ठ्याच्या तुकड्यानं त्या हाकलत होती. हाकलायची, त्या उठायच्या, परत बसायच्या. समोर कुणीच नव्हतं.

तिनं औषध सोडलं होतं. माझं ऐकलं होतं तिनं. मला इतका आनंद झाला की भर बाजारात मी "मावशी!" अशी हाक मारली.

तिनं वर बघितलं. पुठ्ठा हलायचा थांबला नाही.

"बोला मॅडम," ती म्हणाली. "काय देऊ?"

"मावशी, मी आहे."

"किती देऊ?"

मी अर्धा किलो म्हणाले. तिनं काट्यावर तोलले, पुडी बांधली, पैसे घेतले. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत मागून येणाऱ्या एका अनोळखी बाईला तिनं हाक मारली, "ये गो बाय, ये."