सोन्याच्या गावातली घरं

दत्तूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुटीबोरीच्या कारखान्यातली पाळी संपवून बसची वाट पाहत होतो. फोन सेल्वीमामीचा. "रघू, मामा गेले गा. जेवले, जरा पडतो म्हणाले, अन् उठलेच नाही." नागपुरात मनीषनगरच्या घरी पोचलो तर मामाचा चेहरा रविवारची वामकुक्षी घेत असल्यासारखा... चौऱ्याऐंशी वर्षं पुरी करून, कुणाला दवाखान्याच्या पायऱ्या चढायला न लावता माझ्या आईचा हा धाकटा भाऊ गेला. त्याला आता दीड महिना झाला.

मामा रामटेकचा. सर्वेक्षणाची पदविका घेऊन ऐन विशीत तो कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत नोकरीला लागला. जमिनीखाली कुठे किती खोदलंय, याचे नकाशे काढायचे हे त्याचं काम. सुट्टीत आला की अख्खी आळी विचारायची, सोनं आणलं का? "सोनं कुठं दिसते बाप्पा! टनभर दगड फोडा, तवा चिमूटभर निघते. मले तं दगडच दिसते," म्हणून तो हसायचा. पण गावाबद्दल विचारलं की खुलायचा. माळरानावर खाणीपायीच वसलेलं ते गाव. तमिळ, तेलुगू मजुरांच्या चाळी, साहेबांचे बंगले, देवळं, चर्च, नाताळातला बँड, आणि पाळी बदलली की वाजणारा भोंगा.

इतक्या खोल खाणीत कधी कधी खडकच दाबानं फुटतो. तसा तो एकदा भरदुपारी फुटला. वर घरांतल्या मांडणीवरची भांडी खाली आली आणि बाया धावत खाणीच्या फाटकाशी जमल्या. खाली सहा मजूर अडकले होते, नेहमीची वाट बुजलेली. मामाला आठवलं, एका जुन्या, सोडून दिलेल्या बोगद्याचं टोक तिथून काही हातांवरच आहे. त्यानं स्वतःच तो मोजला होता. बचावपथकाला घेऊन तो त्या बोगद्यात शिरला. कुठे खोदायचं ते त्यानं खडूनं आखून दिलं. "भीती नाही वाटली?" मी एकदा विचारलं. "वाटली ना. माप चुकलं असन तं... एवढंच मनात येऊन राहिलं होतं." माप चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सहाही जण चालत बाहेर आले. त्यातले एक सेल्वीचे वडील. सेल्वी रात्रभर फाटकाशी उभी होती आणि वडिलांच्या मागून बाहेर पडलेला, धुळीनं पांढरा झालेला हा माणूस तिनं तिथं पहिल्यांदा पाहिला. वर्षभरानं दोघांचं लग्न झालं. रामटेकला आजोबा आधी काही दिवस बोलले नाहीत. पण मामीनं आमची बोली अशी उचलली की पुढं तेच म्हणायचे, "ही तं माह्यापेक्षा चांगली भांडते."

मग सोनं काढणं परवडेना आणि खाण बंद झाली. बोगद्यांत पाणी भरलं, भोंगा थांबला, घरामागून घर रिकामं होऊ लागलं. मामा-मामी नागपूरला आले. मामी म्हणायची, एकदा जाऊन येऊ. "तिथं पाहाले काय उरलं?" म्हणून मामा विषय मोडायचा. पण जेवणाचं टेबल एव्हाना कागदांनी भरलं होतं. जन्मभर त्यानं जमिनीखालचं मोजलं. आता आठवणीतून वरचं गाव काढायला घेतलं होतं. कुठल्या चाळीत, कितव्या दारात कोण राहायचं, हे जुन्या सोबत्यांना फोन करकरून विचारायचा. कधी चेन्नईला, कधी बंगळूरला. प्रत्येक घराचा एक चौकोन आणि आत बारीक अक्षरात नावं. वर मथळा, 'ओसाड गावाचा नकाशा'.

दोन वर्षांपूर्वी एका चौकोनावरून त्याचं आणि मामीचं कडाक्याचं भांडण झालं. देवळाला लागून कोण राहायचं, हे दोघांनाही नक्की आठवेना. "आता जाच लागते," मामा म्हणाला. मी दोघांसोबत गेलो. यंत्रं गंजलेली, बंगल्यांची छपरं उडालेली, क्लबात झाडं उगवलेली. पण त्यांच्या जुन्या क्वार्टरच्या दारात धुणं वाळत होतं. मेरी नावाच्या शिक्षिकेनं दार उघडलं. मामी तिच्याशी तमिळमध्ये बोलू लागली आणि आम्ही आत जाऊन बसलो. पहाटेच्या गाडीनं निम्मं गाव बंगळूरला कामाला जातं अन् संध्याकाळी परत येतं, मेरी सांगत होती. मामानं अभिमानानं नकाशा उलगडला. तिनं मथळ्याचा अर्थ विचारला, मामीनं सांगितला. मेरीचा चेहरा पडला. "मग आम्ही कोण?" तिनं विचारलं.

मामानं खिशातून खोडरबर काढून 'ओसाड' हा शब्द पुसला आणि मेरीला विचारून घेत तिच्या घरातली पाच नावं आपल्या नावाखाली लिहिली. परतीच्या गाडीत तो नागपूर येईतो बोलत होता. शेवटची दोन वर्षं, मला वाटतं, त्याची सगळ्यात सुखाची. जुन्या माणसांचे फोन झाले की तो मेरीला फोन करून तिथं आता राहणाऱ्यांची चौकशी करायचा.

परवा मनीषनगरला गेलो होतो. मेरीचा फोन आला, सुनेला मुलगी झाली. मामीनं चष्मा लावला, पेन्सिलीला टोक केलं आणि भिंतीवरच्या नकाशाशी खुर्ची ओढली. मेरीच्या घराच्या चौकोनात कसंबसं 'मुलगी' एवढंच लिहिलं.

"नाव ठेवलं की मंग लिहीन," ती म्हणाली. "बारीक लिहा लागते गा, रघू. आता जागाच नाही राहिली."