भाईंच्या काजूतली वाट

समुद्राकाठच्या आमच्या माडांच्या वाडीत आम्ही पाहुण्यांसाठी तंबू लावतो. तंबू आमचे, जेवण मात्र गावातल्या बायका करून आणतात. भाकऱ्या आणि माशाची आमटी डोक्यावर घेऊन त्या येतात ती पायवाट भाईंच्या काजूच्या बागेतून जाते. गाडीरस्त्याने यायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा. भाकऱ्या वातड होतात आणि आणणाऱ्यांचे चेहरे त्याहून. त्या एवढ्याशा वाटेवर आमचं पोट आहे.

भाई आमचे शेजारी, घर बागेपलीकडे गावाच्या अंगाला. वडील मासळीचे व्यापारी, हे स्वतः ऐन उमेदीची वर्षं कुवेतला काढून परत आलेले. आल्या आल्या त्यांनी बागेभोवती चिऱ्यांचा गडगा घालायचं ठरवलं. बाबा विनंती करायला गेले, तर म्हणाले, "काकानू, तुमचे पावणे माझे काजूचे बोंडू तोडतत. पावसानंतर वाट दिसली तर बेडां ठेवतंय. नाय तर गडगो सरळ जातलो."

बेडं म्हणजे गडग्यात सोडलेली फट, आडवे बांबू सरकवून बंद करायची. ती ठेवायला काय जात होतं? माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पावसात तंबू उतरलेले असतात, कोणी फिरकत नाही, रान कमरेएवढं वाढतं. म्हणून तर बाबा दरवर्षी भर पावसात छत्री घेऊन रोज गावापर्यंत उगाच जाऊन येत. "चलली नाय तर वाट मरता गो," म्हणत. मी हसायची.

यंदा पाऊस लागला आणि बाबा शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. खुबा मोडला. कणकवलीला ऑपरेशन करून घरी आणलं, ते पडवीतल्या खाटेवर. शुद्धीवर आल्यापासून एकच घोकणं, वाट. मला तर त्यांना सोडून उंबऱ्याबाहेर पडता येईना. बाबा पुन्हा उभे राहतील का ही एक काळजी, आणि तंबू पुन्हा उभे राहतील का ही दुसरी. मोरीत नळ सोडून मी रडून घ्यायची.

अशात एका दुपारी भाई आले. हातात सुक्या बांगड्यांची पुडी, पायात रबरी चपला, चिखल पोटऱ्यांपर्यंत. पडवीत पाहुण्यांचा कॅरम बोर्ड पावसाळ्यापुरता भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याच्याकडे बघत म्हणाले, "काकानू, एक डाव जाता?"

झालं. मग रोजचंच. दुपारचा नमाज आटोपला की भाई हजर. दमट हवेत स्ट्रायकर जागचा हलेना, तर बाबा मला पावडर तव्यावर गरम करून आणायला लावत. बाबा उशांना टेकून खेळायचे आणि राणी घेऊन झाली की लहान मुलासारखे ओरडायचे. दोघं भांडत कडाकडा. मी चहा द्यायची तो बिनसाखरेचा, मुद्दाम. भाई मुकाट पीत. एकदा बाबांनी चाखून बघितला आणि म्हणाले, "घराक इलेल्या माणसाक असली चाय देतत काय गो?" मी साखर घातली, पण चमचा आपटून.

"एवढी मोटरसायकल आहे तुमची," मी एकदा टोचलंच, "पावसातून चालत कशाला येता?"

"गाडयेन केवढो फेरो पडता!" भाई म्हणाले. बाबा सोंगट्या लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

चतुर्थी झाली, पाऊस ओसरला आणि गवंडी चिरे घेऊन आला. बाबा काठीवर उभे राहायला लागले होते. हट्टच धरला, म्हणून मी त्यांना धरून बागेच्या कडेपर्यंत नेलं. भाई उभे होते आणि गवंड्याने दोरी ताणली होती. दोन्ही अंगांना रान कमरेएवढं माजलेलं, आणि मधून लाल मातीची वाट, तुळतुळीत, थेट आमच्या पडवीकडे. ओल्या मातीत रबरी चपलांचे ठसे, जाणारे आणि येणारे.

भाई त्या ठशांकडे बघत राहिले. मग स्वतःच्या पायांकडे. मला हसू आवरेना. बाबा मात्र गंभीर चेहऱ्याने समुद्राकडे बघत होते, इतके गंभीर की मला त्यांचाच संशय आला.

"हंय बेडां सोड," भाई गवंड्याला म्हणाले.

गवंड्याने दोन्ही तळवे समोरासमोर धरून एका माणसापुरती जागा दाखवली. भाईंनी बाबांच्या काठीकडे पाहिलं, मग बाबांना धरलेल्या माझ्या हाताकडे.

"रुंद ठेव रे," ते म्हणाले. "दोन माणसां जोडीन चलाक व्हयी. काकांका धरूक कोणतरी लागतला."

त्या संध्याकाळी मी चहात साखर घातली. चमचा न आपटता.